देवल मास्तर आणि त्यांनी न पाहिलेला 'संशयकल्लोळ'

20 ऑक्टोबर 1916 रोजी गंधर्व नाटक मंडळीनं 'संगीत संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग केला. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस. बायकोवर संशय घेणारा नवरा, नवऱ्यावर पाळत ठेवणारी बायको आणि या हातातून त्या हातात फिरणारी एक तसबीर, एवढ्या भांडवलावर उभं राहिलेलं हे नाटक पुढं शंभर वर्षांहून जास्त काळ मराठी माणसाला हसवत आलं आहे. पण त्या पहिल्या प्रयोगाला नाटक लिहिणारा माणूस हजर नव्हता. गोविंद बल्लाळ देवल चार महिने आधीच, 14 जून 1916 रोजी, वारले होते.

देवलांचं नाव काढलं की बहुतेकांना 'शारदा' आठवते. कुणाला 'मृच्छकटिक' आठवतं, नाट्यसंगीताच्या शौकिनांना 'संशयकल्लोळ'मधली पदं आठवतात. पण देवलांच्या घडणीत बेळगावचा वाटा किती मोठा आहे, हे बेळगावातल्याही नव्या पिढीला फारसं ठाऊक नसतं. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी इथूनच दिली, शिक्षकाची नोकरी इथंच धरली आणि नाटकाचं वेड लावणारा गुरूही त्यांना इथल्याच शाळेत भेटला.

हरिपूर ते बेळगाव

देवलांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 चा. जन्म कोकणातला असला तरी त्यांचं बालपण सांगलीजवळच्या हरिपुरात गेलं. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव. सांगलीपासून चालत जाण्याइतकं जवळ. आणि सांगली म्हणजे मराठी नाटकाचं माहेर. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिथंच 'सीता स्वयंवर' रंगवलं होतं. देवल जन्मले तेव्हा त्या घटनेला जेमतेम बारा वर्षं झाली होती. नाटक हा धंदा होऊ शकतो, मंडळी काढून गावोगाव फिरता येतं, हे त्या भागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अर्थात घरातल्या मुलानं नाटकात जावं असं मात्र कुठल्याच प्रतिष्ठित घराला वाटत नव्हतं.

पुढच्या शिक्षणासाठी देवल बेळगावला आले. इथल्या इंग्रजी शाळेत त्यांना शिकवायला होते बळवंत पांडुरंग, म्हणजेच अण्णासाहेब किर्लोस्कर. अण्णासाहेब मूळचे याच भागातले, गुर्लहोसूरचे. शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात नाटकाचा उद्योग करायचा, असा त्यांचा खाक्या होता. त्यांच्या आवडत्या विद्यार्थ्यांमध्ये देवल होते. 1879 मध्ये देवल बेळगावातून मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांच्या वयाची तेविशी उलटली होती. त्या काळात मॅट्रिक होणं ही लहान गोष्ट नव्हती. त्या एका कागदावर सरकारी कचेरीत किंवा शाळेत जन्माची भाकरी मिळायची. देवलांनीही बेळगावातच शिक्षकाची नोकरी धरली आणि संसाराला लागणाऱ्या चारचौघांसारखा त्यांचाही रस्ता ठरला, असंच कुणालाही वाटलं असतं.

पुढच्याच वर्षी तो रस्ता बदलला. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेबांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटक खऱ्या अर्थानं सुरू झालं. 1882 मध्ये 'सौभद्र' आलं. वडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांचा गोड गळा मंडळीला मिळाला आणि किर्लोस्कर मंडळीचं नाव महाराष्ट्राबाहेरही दुमदुमू लागलं. गुरूच्या मागोमाग देवलही नाटकात ओढले गेले. नट म्हणून उभे राहिले, तालमी घेऊ लागले, अण्णासाहेबांचा उजवा हात झाले.

पण गुरूची साथ फार दिवस लाभली नाही. 2 नोव्हेंबर 1885 रोजी अण्णासाहेब गेले. वय अवघं बेचाळीस. 'रामराज्यवियोग' हे त्यांचं नाटक अर्धवटच राहिलं. देवल तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. पुढं त्यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं. म्हणजे हाताशी मास्तरकीचा अनुभव होता, शेतीचं ज्ञान होतं, दोन्ही बाजूंनी पक्की नोकरी मिळण्यासारखी होती. तरी देवलांनी फड निवडला तो नाटकाचाच. मंडळ्यांचा हिशेब म्हणजे आज भरभराट आणि उद्या दिवाळं. हे जवळून बघितलेल्या माणसानं पुन्हा त्याच वाटेला जाणं, यात जोखीम काय होती ते सांगायला नको.

सात नाटकं, एकच विषय

देवलांच्या नावावर एकूण सात नाटकं आहेत. 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय', 'झुंझारराव', 'शापसंभ्रम', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ'. यातलं पूर्णपणे स्वतंत्र म्हणावं असं एकच, 'शारदा'. बाकीची सहा कुठून ना कुठून घेतलेली. कालिदासाकडून, शूद्रकाकडून, बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, शेक्सपिअरकडून. यावरून देवलांना निव्वळ रूपांतरकार म्हणून बाजूला ठेवायची खोड काही काळ आपल्याकडं होती. पण ही सात नाटकं एका ओळीत मांडून बघितली की एक गोष्ट लक्षात येते. देवल पुन्हा पुन्हा लग्नाकडंच वळतात. लग्न जुळतं कसं, त्यात पैसा कुठून येतो, संशय कसा शिरतो आणि एकदा बिनसलं की माणसं काय करतात, याच प्रश्नांभोवती त्यांची लेखणी फिरत राहिली.

1886 चं 'दुर्गा' बघा. मूळ नाटक थॉमस सदर्न या इंग्रज नाटककाराचं, सतराव्या शतकातलं. नवरा मेला असं समजून एक बाई दुसरं लग्न करते आणि मग पहिला नवरा जिवंत परत येतो, अशी त्याची गोष्ट. विधवांच्या पुनर्विवाहाला मुभा देणारा कायदा 1856 मध्ये, म्हणजे देवलांच्या जन्मानंतर वर्षभरानं, झाला होता. कायदा झाला तरी घराघरात तो विषय काढायची सोय नव्हती. त्याच सुमाराला मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडं नांदायला जायचं त्यांनी नाकारलं होतं आणि कोर्टानं जायला सांगितलं तर तुरुंग पत्करू, असा पवित्रा घेतला होता. वर्तमानपत्रं दोन बाजूंनी भांडत होती. लग्न ही देवाब्राह्मणांसमक्ष बांधलेली गाठ की दोन माणसांमधला करार, हा वाद भर बाजारात आला होता. अशा दिवसांत देवल लग्नाविषयी लिहीत होते.

'मृच्छकटिक'मध्ये वसंतसेना ही गणिका आहे आणि चारुदत्त हा गरिबीत सापडलेला सज्जन ब्राह्मण. मूळ संस्कृत नाटक शूद्रकाचं. पण देवलांनी ते असं काही मराठीत आणलं की वसंतसेना पाहणाऱ्याला आपल्याच पेठेतली वाटावी. बाजारात बसलेल्या बाईला संसाराची आस असू शकते आणि तिचं मन कुलीन बाईहून मोठं असू शकतं, हे त्यांनी इथं दाखवलं. पुढं 'संशयकल्लोळ'ची रेवतीही नायकिणीची मुलगी आहे आणि तिलाही लग्न करून घर थाटायचं आहे. देवलांच्या दोन लाडक्या नायिका या अशा घरातल्या आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

रुमालानं मारलं, तसबिरीनं हसवलं

1890 मध्ये देवलांचं 'झुंझारराव' आलं. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चं हे मराठी रूप. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी झुंझाररावाची भूमिका गाजवली. शूर सरदार, त्याची निष्पाप बायको कमळजा, कान भरणारा कपटी माणूस आणि पुरावा म्हणून पुढं आलेला एक रुमाल. तेवढ्या रुमालावरून नवरा बायकोचा जीव घेतो.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1893 मध्ये, देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं. हेच पुढं 'संशयकल्लोळ' झालं. यातही संशयी नवरा आहे, इथंही पुरावा म्हणून एक वस्तू पुढं येते. रुमालाऐवजी तसबीर, एवढाच फरक. दुखणं तेच. एकाच माणसानं तीन वर्षांच्या अंतरानं एकाच दुखण्यावर आधी रक्त सांडणारं आणि मग हसवून बेजार करणारं नाटक लिहिलं. देवलांनी संशयाच्या दोन्ही टोकांना हात लावून बघितला होता, म्हणूनच फाल्गुनराव इतका खरा उतरला. तो हास्यास्पद आहे, पण खोटा नाही. त्याच्या जागी थोडा अधिक रागीट माणूस असता तर तिथंही कमळजा मेली असती, ही भीती त्या हसण्याच्या खाली सतत असते.

या गोष्टीचा प्रवासही मोठा आहे. मूळ नाटक मोलिएरचं, 'स्गानारेल'. 1660 मध्ये ते पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं आणि संशयी नवऱ्याचं काम खुद्द मोलिएर करत असे. शंभर वर्षांनी, 1761 मध्ये, आर्थर मर्फी या नाटककारानं त्यावरून लंडनमध्ये 'ऑल इन द राँग' रचलं. मर्फीच्या त्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी आपलं नाटक केलं. पॅरिसहून लंडन, लंडनहून महाराष्ट्र. पण देवलांच्या हातून ते अशा थाटात उतरलं की याचं मूळ फ्रेंच आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

त्यासाठी त्यांनी केलेली एक युक्ती साधी आणि झकास आहे. पात्रांना त्यांनी पंचांगातली नावं दिली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ आणि नोकर भादव्या हे महिन्यांवरून. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा ही नक्षत्रांवरून. नाव ऐकताक्षणी प्रेक्षकाच्या तोंडावर हसू येतं आणि ही कुणा एका जातीची किंवा एका गावाची कुचेष्टा नाही, हेही कळतं. बारा महिने, सत्तावीस नक्षत्रं म्हणजे सगळ्यांचेच संसार.

घटस्फोट नसलेल्या काळातली गोष्ट

'संशयकल्लोळ'चं कथानक आज बघताना एक गोष्ट विसरायला होते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना वेगळं होण्याची सोयच नव्हती. त्या काळी पांढरपेशा हिंदू घरांत घटस्फोट हा शब्दच नव्हता. अनेक जातींमध्ये काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, पाट लावता येत होता. पण ब्राह्मणी वळणाच्या घरात एकदा लग्न लागलं की ते मेल्यावरच सुटायचं, आणि बाईसाठी तर तेव्हाही सुटायचं नाही. नवऱ्याला मात्र दुसरी करायला कुणाची आडकाठी नव्हती.

कायदा यायला बराच वेळ लागला. वडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो 1947 मध्ये आला आणि साऱ्या देशासाठी 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं ती वाट उघडली. म्हणजे देवल गेल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी.

हे ध्यानात घेतलं की नाटकातल्या गमतीचं मर्म कळतं. संशय आला म्हणून ही दोघं एकमेकांना सोडून जाऊ शकत नाहीत. त्याच घरात राहायचं, त्याच ताटात जेवायचं, त्याच नोकराला एकमेकांच्या मागावर धाडायचं आणि त्याच माणसाशी पुन्हा समेट करायचा. विनोद तयार होतो तो या कोंडीतून. शिवाय देवलांनी एक मोठा न्याय केला आहे. संशय फक्त नवऱ्याला दिलेला नाही. कृत्तिकाही तितकीच संशयी आहे, तितकीच तिखट आहे आणि नवऱ्याचा हिशेब चुकता करायला तितकीच तयार आहे. मुकाट सोसणारी बायको रंगवायच्या त्या दिवसांत नवऱ्याला तोंडावर जाब विचारणारी बायको देवलांनी उभी केली आणि प्रेक्षकांना तिच्या बाजूनंही हसवलं.

'शारदा' आणि इंदूरचा प्रयोग

मधल्या काळात देवलांचं सर्वात नावाजलेलं नाटक आलं. 13 जानेवारी 1899 रोजी किर्लोस्कर मंडळीनं 'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग इंदुरात केला. होळकरांच्या त्या शहरात मराठी प्रेक्षक भरपूर होता आणि मंडळ्यांचे मुक्कामही तिथं पडत. भाऊराव कोल्हटकर या नाटकात कोदंड झाले. पुढं दोनच वर्षांत, 1901 मध्ये, भाऊराव गेले.

'शारदा'ची गोष्ट तशी सरळ आहे. भुजंगनाथ हा पंचाहत्तरीला टेकलेला धनिक विधुर. त्याला पुन्हा लग्न करायचं आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ आणि कांचनभट हा पैशाला हपापलेला बाप. त्याची मुलगी शारदा कोवळ्या वयाची. सौदा ठरतो. मुलीची आई इंदिराकाकू आतल्या आत जळते, पण तिचं काही चालत नाही. शेवटी भुजंगनाथ आणि शारदा एकाच गोत्राचे निघतात आणि लग्न मोडतं. पण मांडवातून उठलेल्या मुलीला आता पत्करणार कोण? शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लग्न होतं.

यात देवलांनी जपून पावलं टाकली आहेत. जरठकुमारी विवाह थांबतो तो शास्त्राच्या आधारानं आणि शारदेचं लग्न लागतं तेही धर्मगुरूच्या संमतीनं. सनातनी प्रेक्षकालाही उठून जायला जागा ठेवली नाही. पण त्याला जे बघायला लावलं ते साधं नव्हतं. हुंड्याची निंदा सगळेच करत. मुलीच्या बापानं पैसे मोजून घेऊन मुलगी देणं, म्हणजे कन्याविक्रय, हा व्यवहार मात्र घरात दडवून ठेवलेला असे. देवलांनी त्याचा जमाखर्च रंगमंचावर उघडा केला. शारदा आणि तिच्या मैत्रिणी आपल्या लग्नाविषयी आपसांत बोलतात, गातात, म्हाताऱ्या नवरदेवाची टिंगल करतात. ज्यांचं लग्न ठरवताना कुणी विचारत नसे, त्या मुलींना या नाटकानं तोंड दिलं.

तेव्हा मुलीच्या लग्नाच्या वयावर आपल्याकडं कायद्याचं बंधन नव्हतं. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानं फक्त समागमाचं वय दहावरून बारावर नेलं होतं आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढं वादळ उठलं होतं. वडोदे संस्थानानं 1904 मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. ब्रिटिश मुलखात तो 1929 मध्ये झाला. त्याला सारडा कायदा म्हणतात. नावाच्या साधर्म्यामुळं तो देवलांच्या शारदेवरून पडलेला शब्द आहे असं अजूनही काहीजण समजतात. तसं नाही. अजमेरच्या हरबिलास सारडांनी ते विधेयक मांडलं म्हणून ते नाव. पण मराठी माणसाला ही गल्लत इतकी सहज पटावी, यातच 'शारदा' घराघरात किती रुजली होती ते दिसतं.

तालमीतले मास्तर

बेळगावची शाळा सुटली तरी देवलांमधला मास्तर कधी सुटला नाही. नाटक मंडळ्यांत ते देवल मास्तर म्हणूनच वावरले. संगीत नाटकाच्या त्या काळात प्रेक्षक गाण्यासाठी येत. पद सुरू झालं की वन्समोअरचा गजर आणि गद्य आलं की सुपारी कातरणं. नटही गळ्यावर मेहनत घेत आणि गद्य कसंबसं उरकत. देवलांचा भर नेमका गद्यावर असे. वाक्य कुठं तोडायचं, कुठं थांबायचं, कुणाकडं बघून बोलायचं, हे ते शिकवत. त्यांनी लिहिलेलं गद्यही तसंच, घरात बोलतात तसं. जड संस्कृत शब्दांची आरास नाही. चालीसुद्धा लोकांच्या ओठांवर बसतील अशा.

1905 च्या सुमाराला किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. हेच बालगंधर्व. गळा दैवी होता, पण रंगमंचावर बोलायचं कसं ते शिकायचं होतं. ही तालीम देवलांनी दिली. गणपतराव बोडसांच्या जडणघडणीतही देवलांचा हात होता. 1913 मध्ये बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली तेव्हा देवलही त्यांच्याबरोबर राहिले. किर्लोस्करांपासून गंधर्वांपर्यंत दोन पिढ्यांना जोडणारा हा एक दुवा होता.

शेवटचं काम

नव्या मंडळीला नवी नाटकं हवी होती. तेव्हा वीसेक वर्षं मागं पडलेलं 'फाल्गुनराव' पुन्हा बाहेर निघालं. त्यात पदं घालून संगीत नाटक करायचं ठरलं. साठीला आलेल्या देवलांनी ते काम हाती घेतलं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. अशा नाटकाला वेग लागतो. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. तिच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर फाल्गुनराव पाहतो. मग तीच तसबीर फाल्गुनरावाकडं अश्विनशेठ पाहतो आणि रेवतीवर संशय घेतो. प्रत्येकाला अर्धंच दिसतं. प्रेक्षकाला मात्र पूर्ण दिसत असतं. या साखळीची एक कडी जरी सैल पडली तरी सगळा डोलारा कोसळतो. त्यात पद घातलं की वेग थांबतो. म्हणून गाण्याचा भार मुख्यतः रेवती आणि अश्विनशेठ या प्रेमिकांवर टाकला गेला आणि फाल्गुनराव–कृत्तिकेची खडाजंगी गद्यात राहिली. गंधर्वांचं गाणं ऐकायला आलेला प्रेक्षक बोडसांच्या गद्यालाही तितकाच खिळला. दोन्ही बाजू आपल्याच तालमीतल्या माणसांच्या हाती देता आल्या, हे देवलांचं भाग्य.

या नाटकात नटाला एकच पथ्य पाळावं लागतं. त्यानं स्वतः हसायचं नाही. फाल्गुनरावाला आपली अब्रू खरोखरच गेली आहे असं वाटायला हवं. तो विनोद करायला लागला की विनोद संपतो. हौशी मंडळींचे कितीतरी प्रयोग इथंच पडतात. मास्तरांची गद्याची शिस्त इथं कामाला येते.

14 जून 1916 रोजी देवलांनी डोळे मिटले. ऑक्टोबरात 'संशयकल्लोळ' आलं. त्याच वर्षाच्या अखेरीला खाडिलकरांचं 'स्वयंवर' आलं आणि गंधर्वांचा सुवर्णकाळ सुरू झाला. तो बघायला देवल नव्हते. बक्कळ पैसा मिळवून देणारं नाटक मंडळीच्या हाती ठेवून मास्तर निघून गेले होते.

आजचा फाल्गुनराव

आजही गोव्यातल्या देवळांच्या उत्सवात मांडव पडला की 'संशयकल्लोळ' निघतं. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगाला बायाबापड्या शाल गुंडाळून बसतात. हौशी संस्था, नाट्यस्पर्धा, व्यावसायिक मंडळ्या, सगळ्यांनी हे नाटक आलटून पालटून केलं आहे. पुरुषांनी केलेल्या रेवती–कृत्तिका जाऊन बायकांनी केलेल्या आल्या. पाच-सहा तासांचं नाटक अडीच-तीन तासांवर आलं. पदं कमी झाली. कथानकाला मात्र कुणी हात लावला नाही, कारण त्यातलं काहीच जुनं झालेलं नाही. तसबिरीच्या जागी मोबाईल ठेवला तरी सगळं जसंच्या तसं घडेल.

बदललं ते एवढंच की आता फाल्गुनराव आणि कृत्तिका कोर्टात जाऊ शकतात. कोंडीत अडकलेल्या कितीतरी बायकांची त्यानं सुटका झाली, हे चांगलंच झालं. देवलांच्या नाटकातल्या जोडप्याला मात्र ती दारं बंद होती. त्यांना एकाच जागी बसून, कुणी काय पाहिलं आणि कुणी काय समजलं याचा एकेक धागा सगळ्यांसमोर उलगडावा लागतो. तो उलगडला की तसबीर ज्याची त्याला मिळते, अश्विनशेठ–रेवतीचं जुळतं आणि फाल्गुनराव बायकोसह घरी जातो.

बेळगावातल्या एका वर्गात अण्णासाहेबांसमोर बसलेल्या विद्यार्थ्यानं हे लिहिलं. हरिपुरातला संगम आहे तिथंच आहे, सांगलीत नाटकं होतात, बेळगावातही होतात. पुढच्या वेळी कुठल्या मांडवात 'संशयकल्लोळ'चा फलक दिसला तर आत जाऊन बसावं, आणि तिसरी घंटा होण्याआधी देवल मास्तरांची एकदा आठवण काढावी. पहिल्या प्रयोगाची घंटा त्यांना ऐकायला मिळाली नव्हती.